झाकणवाल्या सीरिलच्या कबुल्या

आमच्या गल्लीत कोणाची कोंबडी खुडूक बसली तर ती बातमी मला आधी कळते, मालकाला नंतर. ही मी बढाई मारत नाही. माझी बायको तोन्चका हेच वाक्य शिवीसारखं वापरते. म्हणूनच शेजारच्या सीरिल पोदपेचानने माझ्या नाकाखाली एवढं मोठं प्रकरण घडवलं आणि मला पत्ता लागू दिला नाही, हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही. बाकी त्याचं सगळं माफ आहे. उलट त्याचे, त्याच्या बायकोचे आणि आमच्या राजधानीतल्या, ल्युब्लियानाच्या एका बाईचे माझ्या घरावर उपकार आहेत. का, ते सांगतो.

सीरिल झाकणं बनवतो. काचेच्या बरणीवर फिरवून बसवायची पत्र्याची झाकणं. आमच्या साविन्या खोऱ्यात एकतर माझ्यासारखे बिअरसाठी हॉप्सचे वेल लावणारे लोक, नाहीतर सीरिलच्या कारखान्यातले. जुन्या युगोस्लाव्हियाच्या काळात तिथे सरकारी पत्र्याचा कारखाना होता. तो बुडाला तेव्हा सीरिलने कर्ज काढून चार प्रेस विकत घेतले आणि त्यावर झाकणं पाडायला सुरुवात केली. आज तीसेक माणसं त्याच्याकडे आहेत. तोन्चका त्यातलीच, झाकणाच्या आत रबराची कड बसवणाऱ्या यंत्रावर तिचं निम्मं आयुष्य गेलं.

माणूस उंच, हडकुळा, कान मोठे. कोणाच्याही घरी गेला की फडताळातली बरणी उचलायची आणि झाकणावर नखाने टकटक करून आवाज ऐकायचा, ही त्याची खोड. माझ्या सासऱ्यांच्या मयताला आला तेव्हाही स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या बरण्या वाजवून आला. डॉक्टर छाती तपासतो तसं. आणि दुसरी खोड म्हणजे त्याला 'नाही' म्हणता येत नाही. मी त्याला एकदा गवत कापायचं यंत्र विकलं, जे फक्त उताराच्या दिशेने चालायचं. त्याने ते घेतलं, वर मला धन्यवाद दिले, आणि मग त्याची बायको झोफका ते यंत्र ढकलत माझ्या दारात घेऊन आली.

"विंको," ती म्हणाली, "तुझं हे गाढव परत घे. आणि पुढच्या वेळी काही विकायचं असेल तर मला विकायला ये."

तर या नाही न म्हणता येणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात ग्राट्सहून आमंत्रण यायचं. संत मार्टिनच्या सणाला आमच्याकडे घरोघर हंस भाजतात आणि नव्या वाईनचं पिंप फोडतात. सीमेपलीकडे ऑस्ट्रियातही तेच. ग्राट्सचा क्नॉल हा झाकणांच्या धंद्यातला मोठा मासा. तो तिथल्या एका हॉटेलात मागच्या खोलीत जेवण ठेवायचा. पानावर चौघंच: स्वतः क्नॉल, एक हंगेरीचा, एक झाग्रेबचा, आणि आमचा सीरिल. हंस संपून गोड यायच्या मध्ये क्नॉल पुढच्या वर्षीचा झाकणांचा भाव बोलायचा. बाकीचे तिघं मान हलवायचे. कोणी कोणाचं गिऱ्हाईक पळवायचं नाही, हेही त्याच मानेत आलं.

पहिल्या वर्षी परत आल्यावर सीरिल कुंपणापाशी उभा राहून मला कौतुकाने सांगत होता, "क्नॉलने स्वतःच्या हाताने माझ्या ताटात तंगडी वाढली!"

त्या तंगडीची किंमत आमच्या खोऱ्यातली प्रत्येक बाई जॅम करताना भरत होती, हे तेव्हा त्यालाही नीट कळलं नव्हतं. त्याला वाटायचं, ही मैत्री आहे. चांगले लोक आहेत, जेवायला बोलावतात.

झोफका मात्र बायकांच्या जॅम मंडळाची प्रमुख. शाळांना आणि दुकानांना जॅम, लाल मिरचीची चटणी, आंबवलेला सलगम पुरवणारं मंडळ. तिच्या मंडळाला झाकणं घरचीच मिळायची. पण शेजारच्या खोऱ्यातलं मंडळ बंद पडायला आलं. त्यांची प्रमुख झोफकापुढे डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अगं, आलुबुखार फुकटात मिळतात, झाकणंच परवडत नाहीत." झोफका तिला म्हणाली, दुसरीकडून घे. ती म्हणाली, सगळीकडे तोच भाव.

आता झोफका ही अशी बाई आहे की तिला 'सगळीकडे' म्हटलं की ती खरोखर सगळीकडे विचारून बघते. तिने गिऱ्हाईक बनून ग्राट्सला फोन केला. झाग्रेबला केला. हंगेरीला तिच्या मैत्रिणीच्या सुनेकडून करवला. झाग्रेबचे कुना युरोत मोडून पाहिले, हंगेरीचे फोरिंट मोडून पाहिले. मग संध्याकाळी सीरिल जेवायला बसला तेव्हा त्याच्यापुढे वाडगं आपटून ती म्हणाली,

"तुम्ही चौघं एका बिछान्यात झोपता का रे?"

"काय बोलतेस!"

"मग चौघांना एकच भाव कसा स्वप्नात पडतो?"

सीरिलने नेहमीसारखी मान हलवायला सुरुवात केली, पण झोफकापुढे नुसत्या मानेने भागत नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. तंगडीसकट. ही त्याची पहिली कबुली. झोफका म्हणते ती रात्रभर त्याच्याशी बोलली नाही. सीरिल म्हणतो तेच जास्त बरं झालं असतं, ती रात्रभर बोलत होती.

दुसरी कबुली रविवारी चर्चमध्ये, फादर श्तेफानपुढे. फादरनी जाळीपलीकडून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं?"

"झालं, फादर."

"देवाने क्षमा केली. पण सीरिल, बरण्या काही देव विकत घेत नाही. ज्यांच्या खिशातून गेलं त्यांचं काय? असल्या गोष्टी बघायला सरकारने कोणीतरी बसवलं असेल ना? तिथे जाऊन बोल."

म्हणून सीरिलने आपला भाचा येर्नेय याला बोलावलं. येर्नेय वकील. कुंपणाची भांडणं आणि घटस्फोट यांत आमच्या जिल्ह्यात त्याचा हात धरणारा नाही. त्याने पुस्तकं उघडली आणि सांगितलं, "मामा, नियम चांगला आहे. धंद्यातल्या लोकांनी मिळून भाव बांधले, तर त्यातला जो पहिल्यांदा येऊन सगळं सांगेल त्याला पूर्ण माफी. दुसऱ्याला थोडीफार सूट. उरलेल्यांना पूर्ण दंड, वर्षभराच्या सगळ्या विक्रीच्या दहाव्या हिश्शापर्यंत."

दहावा हिस्सा! झाकणाच्या धंद्यात झाकणामागे उरतं ते नखाएवढं. असा दंड बसला असता तर सीरिलला प्रेस विकून, दाराला कुलूप लावून, तोन्चकासकट तीस माणसांना घरी पाठवावं लागलं असतं. क्नॉलला तो दंड म्हणजे सर्दी, सीरिलला न्यूमोनिया.

तेव्हा दोघं ल्युब्लियानाला गेले. व्यापारात कोणी संगनमत करू नये यावर लक्ष ठेवणारं आमच्या देशाचं कार्यालय तिथे आहे. समोर बसल्या ब्रेदा कोरितनिक. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा साखळीला, बोलताना एकही शब्द वाया न घालवणाऱ्या. ब्रेदाबाईंनी एक यंत्र सुरू केलं आणि सांगितलं, बोला. सीरिलने बोलायला सुरुवात केली ती हंस कसा भाजला होता तिथपासून. बाईंनी अडवलं नाही. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"ब्रसेल्सलाही अर्ज केला आहे का? की करणार आहात?"

"ब्रसेल्सला कशाला, बाई?" सीरिल म्हणाला. "हे युरोपच ना?"

"हे ल्युब्लियाना आहे. माझ्या रांगेत तुम्ही पहिले आहात. पण ही फक्त माझी रांग. व्हिएन्नाची वेगळी, बुडापेस्टची वेगळी, झाग्रेबची वेगळी. ब्रसेल्सची, म्हणजे सगळ्या युरोपची, आणखी वेगळी. प्रकरण तीनपेक्षा जास्त देशांत पोचलं असेल तर ते बहुतेक ब्रसेल्सच हाती घेतं. आणि त्यांनी ते रीतसर उघडलं की त्या दिवसापासून आम्ही हात काढायचे, असा नियम आहे. तुम्ही मला चार देश सांगितलेत."

येर्नेय म्हणाला, "पण बाई, सगळी कार्यालयं एकमेकांना कळवतातच ना?"

"प्रकरण कळवतो. तुमची माफी कळवून चालत नाही. ती ज्याची त्याने द्यायची."

सीरिलने मान हलवली. तुम्हाला आता त्याच्या मानेचा अनुभव आहेच. येर्नेयनेही मान हलवली आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "सरकारी माणसं उगाच घाबरवतात, मामा. एकच युरोप आहे. एकदा सांगितलं की झालं." सीरिलला ते पटलं, कारण त्याच्या डोक्यात चर्च होतं. गावच्या फादरने क्षमा केली की ती रोमला पाठवून शिक्का मारून आणावी लागत नाही. मग कार्यालयाचं वेगळं का असेल? तो घरी आला आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपला.

या सगळ्या काळात मी काय करत होतो? मी कुंपणावरून बघत होतो. मला दिसलं ते असं: सीरिल कोट घालून, दाढी गुळगुळीत करून, दोनदा ल्युब्लियानाला जाऊन आला. घरी आल्यावर झोफकाशी कुजबुजत बोलायचा. आणि एकदा अंगणात फोनवर पाठ करून उभा होता आणि म्हणत होता, "हो, ब्रेदाबाई. नाही, ब्रेदाबाई. कोणालाही सांगणार नाही, ब्रेदाबाई."

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाने यातून काय अर्थ काढायचा? मी तोच काढला. आणि माझ्यापुरता ठेवण्याइतका मी स्वार्थी नाही. गावातल्या खानावळीत सांगितलं. ग्राट्सहून सीरिलकडे पत्रा घेऊन येणारा ट्रकवाला जेवायला थांबतो, त्याला तर सविस्तर सांगितलं. "वय काय, अवतार काय, आणि ल्युब्लियानाला बाई ठेवलीय!" ट्रकवाल्याने खूष होऊन माझं बिल भरलं.

तोन्चका म्हणाली, "सीरिल? त्याला बाई 'हो' म्हणाली तरी तो झाकण समजून वाजवून बघेल." पण माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिने लग्नातच ठरवलंय.

पुढच्या आठवड्यात ब्रेदाबाईंचा फोन आला तो झोफकाने उचलला. बाईंचं बोलणं मोजकंच होतं. "तुमच्या यजमानांना सांगा, माझ्या कार्यालयाला आता ब्रसेल्सला आणि इतर देशांना या प्रकरणाची सूचना द्यावी लागणार आहे. नियम आहे, थांबता येत नाही. त्या दिवशी मी जे विचारलं होतं ते त्यांच्या वकिलांनी केलंय का, एवढं मला माझ्या कागदांसाठी हवं आहे."

"काय विचारलं होतंत?" झोफका म्हणाली.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आपली रांग, त्यांची रांग. त्याच शब्दांत, त्याच आवाजात. झोफकाने फोन ठेवला आणि कारखान्यात गेली. सीरिल प्रेसपाशी होता.

"ब्रसेल्सला गेलास का?"

"अगं, येर्नेय म्हणाला..."

"येर्नेयने माझ्या भावाचा घटस्फोट केला तेव्हा गाय बायकोला गेली आणि वासरू भावाला. त्याचं मला सांगू नकोस. ती बाई काय म्हणाली ते सांग."

"ती म्हणाली रांग वेगळी असते. पण झोफका, फादर श्तेफाननी दिलेली क्षमा काय आपण रोमला पाठवतो?"

"ब्रसेल्स म्हणजे रोम नाही! तुला खाटकाकडे नंबर मिळाला म्हणून बँकेत तुला आधी घेतात का? आणि ऐक. क्नॉलकडे ब्रसेल्सला बसवलेले वकील आहेत. त्याला वास लागला तर तो तुझ्याआधी तिथे पोचेल आणि सगळं सांगून मोकळा होईल. मग माफी त्याला. ज्याने भाव ठरवला त्याला! आणि दंड तुला, ज्याने मान हलवली."

सीरिल सांगतो, त्या क्षणी त्याला प्रेसचा आवाज ऐकू येईनासा झाला. त्याने आजूबाजूला पाहिलं. तोन्चका रबराची कड बसवत होती आणि कोणाला तरी हसून काहीतरी सांगत होती. (माझ्याबद्दलच असणार.) तो तसाच धावत सुटला, एप्रनवर.

येर्नेयने ब्रसेल्सला फोन लावला तेव्हा त्याचा आवाज असा थरथरत होता की पलीकडच्या माणसाने आधी विचारलं, तुम्ही ठीक आहात ना. मग सांगितलं की फोनवर जागा धरून ठेवता येईल, पण सगळं सांगायला यावं लागेल. रांगेत पुढे कोणी आहे का? सीरिल येर्नेयच्या कानाला कान लावून उभा. मग उत्तर आलं: कोणी नाही.

ब्रसेल्सची कबुली ही त्याची चौथी. तिथेही यंत्र, तिथेही टेबल, फक्त बाजूला भाषांतर करणारी मुलगी, आपल्याच मुरा नदीपलीकडची. सीरिलने पुन्हा हंसापासून सुरुवात केली. ती मुलगी भाषांतर करता करता थांबली आणि आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "काका, आमच्याकडे हंसात सफरचंद घालतात. तुमच्याकडे नाही?" तिथे त्याची भीती जरा उतरली. तो म्हणतो, तिने तेवढं विचारलं नसतं तर मला पुढचं बोलताच आलं नसतं.

तिथून त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे कोणालाही कळता कामा नये. दोन, नोव्हेंबर आला आहे, नेहमीसारखं आमंत्रण येईल, तर नेहमीसारखं जायचं. गेला नाहीत तर क्नॉलला संशय येईल आणि आमची माणसं पोचायच्या आत कपाटं रिकामी होतील.

'नाही' न म्हणता येणारा माणूस हेरगिरीला चालला. हंस आला. सीरिलच्या हातातला काटा ताटावर वाजत होता. क्नॉल टक लावून बघत होता. मग त्याने खुर्ची मागे रेलली आणि म्हणाला, "सीरिल, हात का थरथरतोय?"

सीरिलने काटा खाली ठेवला. घाम कानामागून खाली.

"सांगू का आम्हाला काय कळलंय?" क्नॉल डोळा मारून म्हणाला. "ल्युब्लियानाची ब्रेदा!"

हंगेरीवाल्याने टेबलावर थाप मारली. झाग्रेबवाला खोकेपर्यंत हसला. सीरिल लालबुंद झाला. आणि आयुष्यात एकदाच, देवाने सुचवावं तसं, त्याच्या तोंडून निघालं, "झोफकाला सांगू नका हं."

ती बातमी ग्राट्सला कोणी पोचवली? ट्रकवाल्याने. आणि ट्रकवाल्याला कोणी दिली? तेव्हा माझ्या जिभेबद्दल जे बोलतात त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. सीरिल मला याबद्दल अजून वर्षाला एक बाटली आलुबुखाराची दारू देतो. झोफका मात्र देत नाही. तिच्या मते मी एक बाटली देणं लागतो, तिला.

हिवाळ्यात एका सकाळी कारखान्याच्या फाटकापाशी तीन गाड्या उभ्या राहिल्या. त्याच वेळी ग्राट्सला, झाग्रेबला आणि हंगेरीतही गाड्या उभ्या राहिल्या होत्या, पण ते मला कुठून दिसणार? मला दिसले ब्रसेल्सचे दोन तरुण आणि आपल्या कार्यालयाची माणसं. कुठल्याही देशात धाड घालायची तर ब्रसेल्सच्या माणसांबरोबर तिथल्या देशाची माणसं असतातच. चौघांकडे सारखीच धाड पडायला हवी, नाहीतर कोणी तोंड उघडलं हे त्याच दिवशी कळेल. म्हणून सीरिलकडेही पूर्ण धाड. त्या गर्दीत चष्म्याच्या साखळीवाली एक बाई पुढे आली आणि एकदम परकेपणाने म्हणाली, "शुभ सकाळ. आपण श्रीयुत पोदपेचान का?"

"हो, मीच," सीरिल म्हणाला, तितक्याच परकेपणाने.

मागून एकाने हाक मारली, "ब्रेदा, या कपाटाला सील लावायचं का?"

मी कुंपणाला घट्ट धरलं. ब्रेदा! पोलीस घेऊन आली! झोफका बाहेर येऊन आता काय करणार, म्हणून मी तोन्चकाला हाका मारायला लागलो. झोफका बाहेर आली ती कॉफीचं तबक घेऊन. सगळ्यांनी नको म्हटलं. बाईंनी फक्त पाण्याचा पेला घेतला आणि आभार मानले. झोफकाने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी गोंधळून गेलो. सवतीकडे कोणी असं बघत नाही. आपलं मूल वाचवणाऱ्या नर्सकडे बघतात तसं ते बघणं होतं.

मला काहीच कळेना. तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण दिवस होता.

मग वाट बघणं. ब्रसेल्सने प्रकरण रीतसर उघडलं आणि ल्युब्लियानाने हात काढले, जसं ब्रेदाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. क्नॉलचे वकील धाडीनंतर धावत ब्रसेल्सला पोचले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, तुमच्यापुढे कोणीतरी आहे. कोण, ते सांगितलं नाही. पुढे येर्नेयला कोणा परिषदेत ब्रेदाबाईंच्या एका सहकाऱ्याकडून कळलं की बाईंच्या सगळ्या नोकरीत असं प्रकरण दुसरं आलं नव्हतं. बाकीची वर्षं टॅक्सीवाले आणि मोटार शिकवणाऱ्या शाळा यांत गेली. चार देशांचं हे एकच. ते घरी राहावं असं त्यांच्या कार्यालयात कोणालाही वाटलं असतं, आणि बाईंना निवृत्तीला फार दिवसही उरले नव्हते. पण ल्युब्लियानातून क्नॉलचं ग्राट्समधलं कपाट उघडायचं तर एका राजधानीला विनंती, मग दुसरीला, मग तिसरीला. बाईंनी हिशेब केला आणि सूचना पाठवताना प्रकरणही ब्रसेल्सला देऊन टाकलं. त्यांच्या वाट्याला उरलं ते आमच्या गावच्या एका कपाटाला सील लावणं.

निकाल आला तेव्हा तो बातम्यांत सगळ्यांनाच कळला. क्नॉलला थोडी सूट मिळूनही भरघोस दंड, हंगेरीवाल्याला, झाग्रेबवाल्याला दंड. आमच्या खोऱ्यातल्या झाकण कारखान्याला शून्य, कारण त्याने सगळं आधी सांगितलं. नावासकट छापून आलं. मी वर्तमानपत्र हातात धरून खुर्चीत बसलो. इतकी वर्षं! कुंपणाच्या पलीकडे! आणि मी बाई ठेवलीय म्हणून सांगत फिरलो!

सीरिलने आधी ब्रेदाबाईंना फोन केला. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. याला कृतज्ञता नीट बोलता येत नाही, त्यामुळे झोफका बाजूला उभी राहून ढोसत होती. तो म्हणाला, "बाई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. झोफकाने अक्रोड भरून गोड पोतित्सा भाजलीय, पाठवतो."

"पाठवू नका. आभार ब्रसेल्सचे माना, पोदपेचान. माझ्या हातात प्रकरण राहिलंच नव्हतं."

"म्हणूनच तर तुमचे मानतोय," सीरिल म्हणाला.

मग बाई म्हणाल्या, "पोतित्सात बेदाणे आहेत का?"

"नाहीत."

"मग पाठवा. आता मी सरकारी नाही."

त्यानंतर तो कारखान्यात गेला. ही गोष्ट तोन्चकाने मला सांगितली, आणि ती माझ्यासारखी मीठमसाला लावत नाही. त्याने एकेक प्रेस बंद केला. इतकी शांतता तिथे सुट्टीच्या दिवशीसुद्धा नसते. मग त्याने पत्र्याच्या गठ्ठ्याला पाठ टेकून सगळ्यांना सांगितलं, वर्तमानपत्रात काय आलंय ते. हंस, तंगडी, मान. आपण इतकी वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जास्त घेत होतो ते.

पॅकिंगवाली मिल्का म्हणाली, "माझ्या आईच्या बरण्यांवरही?"

"हो."

"माझ्या लग्नाच्या चटणीवर?"

"हो, मिल्का."

एकाने टोपी काढून पुन्हा घातली. मिल्का रागावली होती, आणि तिचं रागावणं बरोबर होतं. ती पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग तोन्चकाने विचारलं, "आणि कारखाना?"

"राहणार. एक माणूस कमी होणार नाही. ल्युब्लियानाच्या एका बाईने मला दोनदा तेच सांगितलं, म्हणून राहणार. पहिल्यांदा मी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा झोफकाने ऐकलं."

"आणि झाकणांचा भाव?"

"यापुढे मी एकटा ठरवणार."

"एकटा?" मागून कोणीतरी म्हणालं. "झोफकाला न विचारता?"

तेव्हा कुठे हसू फुटलं. मिल्काच्याही ओठाचा एक कोपरा हलला म्हणे. सीरिलने पुढे काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तोन्चकाने हातमोजा चढवला आणि यंत्राचं हिरवं बटण दाबलं. त्या खडखडाटात तो काय म्हणाला ते कोणालाच ऐकू आलं नाही. तोन्चका म्हणते, तिला ओठांवरून कळलं: आभारी आहे, आभारी आहे, एवढंच तो म्हणत होता, एकेकाकडे बघून.